तंतोतंत वीस किलो

१

दाताच्या डॉक्टरांनी झाडलेली गोळी छताला लागली, हे सगळ्यांचंच नशीब.

झालं होतं एवढंच. बुधवारी सकाळी दवाखान्यात दोन पेशंटांची नंबरावरून जुंपली. एक म्हणे माझी दाढ आधी, दुसरा म्हणे माझी सूज मोठी. शब्दानं शब्द वाढला, खुर्च्या सरकल्या, आणि आतून डॉक्टर हातात पिस्तूल घेऊन बाहेर आले. त्यांना नुसता धाक दाखवायचा होता. पण जन्मभर ज्या बोटांनी चिमटा धरला त्यांना पिस्तुलाच्या चापाची काय ओळख? धडाम! वरचा गिलावा खाली, दोन्ही पेशंट कोचामागे, आणि डॉक्टर स्वतः बेशुद्ध. त्या धक्क्यानं सूजवाल्याची सूज उतरली असं लोक सांगत होते. ते मी पंचनाम्यात घेतलं नाही.

पिस्तूल हातात घेतलं आणि माझंच तोंड उतरलं. ते समुद्रापलीकडच्या लढाईतलं होतं, शत्रूकडून पकडलेलं. नंबर तिकडच्या ठाण्यावर कळवला तर तासाभरात उत्तर आलं: "या नंबराचं पिस्तूल दोन महिन्यांपूर्वी नष्ट केलेलं आहे. एकूण अठरा पिस्तुलं गॅसच्या ज्योतीनं कापून तुकडे खोल पाण्यात टाकले. कागदावर तिघांच्या सह्या आहेत."

पाण्यात बुडालेलं पिस्तूल दातांच्या दवाखान्यात कसं उगवलं?

उत्तर सरळ होतं आणि ते मला नको होतं. आमच्याच पलटणीतला कोणीतरी लढाईवरची हत्यारं लपवून घरी आणत होता आणि गावात विकत होता. पलटण तीन तुकड्यांत परतत होती. पहिली तीन आठवड्यांपूर्वी आली, दुसरी कालच, तिसरी अजून बोटीवर. आणि धक्क्यावरच्या शेडमध्ये प्रत्येक जवानाची पेटी उघडून बघणारा अधिकारी मी. मोजे उलटे करून बघितले होते, दाढीच्या साबणात सुई खुपसून बघितली होती. काही म्हणजे काही सापडलं नव्हतं.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. घाबरून एका सराफानं आणि एका मटणवाल्यानं आपणहून एकेक पिस्तूल आणून माझ्या टेबलावर ठेवलं. तिघांचंही म्हणणं एकच: "हेल्मेट घातलेला अनोळखी माणूस होता, साहेब. तोंड दिसलं नाही."

वरच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि उभंच ठेवलं.

"सोमवारी चौकशी बसते, कप्तान. माल तुमच्या दारातून आलाय. एक तर दार कच्चं, नाहीतर दारवान."

अशा वेळी शहाणा माणूस वकिलाकडे जातो. मी ताईकडे गेलो.

२

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. सरकारी वजनमापं तपासनीस. गावातला एकही तराजू असा नाही ज्यानं तिच्यापुढे मान तुकवलेली नाही. दुकानदार तिला तोंडावर 'बाई' म्हणतात आणि पाठीमागे 'हलता काटा', कारण ती दारात दिसली की भल्याभल्यांचा काटा थरथरतो. मागच्या वर्षी एका किराणा दुकानाच्या पायरीवरून घसरून तिचा घोटा मोडला. दोन महिने पाय प्लास्टरमध्ये होता. तेव्हापासून हातात काठी असते, आणि त्या काठीवरसुद्धा तिनं सेंटिमीटरच्या खुणा करून घेतल्यात.

तिची कचेरी म्हणजे एक लांबट खोली. काचेच्या कपाटात मखमलीवर पितळी वजनं, मधोमध काचेच्या पेटीत नाजूक काटा. पंखा नाही, कारण वाऱ्यानं काटा हलतो. तिथे लोक बोलतातही हळू, जणू आत कोणी आजारी झोपलंय.

"ये छोट्या," ताई म्हणाली.

माझ्या मागे दोन शिपाई होते. दोघांनीही एकदम भिंतीकडे बघायला सुरुवात केली.

तेवढ्यात तिचा मदतनीस आत आला. एकोणीस वर्षं तिच्या हाताखाली काम केलेला, मऊ बोलणारा माणूस. त्याचं कुठलंही माप कधी चुकत नाही म्हणून ताईनंच त्याचं नाव शंभर नंबरी ठेवलं होतं आणि आता त्याची बायकोही त्याला त्याच नावानं हाक मारते म्हणे.

"बाई, दुपारनंतर सुटी मिळेल का? साडू आलेत परगावाहून."

"जा की. दीड वर्षात एक सुटी मागितलीस, तीही साडूसाठी! बायको खूश असेल आज."

तो हसत गेला. मग मी ताईला सगळं सांगितलं. ती ऐकताना मध्ये बोलत नाही, फक्त ओठ मुडपते.

"त्या कागदावर सह्या कोणाच्या आहेत?"

"एक भांडारी हवालदार, रसद सांभाळणारा. दुसरा वर्कशॉपचा मिस्त्री, त्यानंच पिस्तुलं कापली. तिसरे बँडमास्तर."

"बँडमास्तर? पिस्तुलं कापायला?"

"लढाईत बँडला काम नसतं गं. म्हणून साक्षीला उभं राहायचं असलं की त्यांनाच पाठवतात. तिघंही दुसऱ्या तुकडीतून काल आलेत. सामान अजून शेडमध्येच आहे."

"आणि पिस्तुलं ज्यांनी घेतली, ते तिघं?"

"त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक दात काढतो, एक दागिने विकतो, एक मटण कापतो. कसला मेळ घालणार?"

ताईनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग काठी घेऊन उठली.

"चल, मला तुझी शेड दाखव."

"ताई, तुला तिथे कोणत्या अधिकारानं नेऊ?"

"तिथे वजनकाटा आहे ना? मग अधिकार मला आहे, तुला मी नेते."

वाटेत मी तिला मनातली एक गोष्ट सांगितली. काल दुपारपासून बँडमास्तर आपला मोठा ढोल कोणाला हातही लावू देत नव्हते. रात्रभर त्याला टेकून झोपले होते. आणि सकाळी मी ढोलाजवळून गेलो तेव्हा आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला होता.

३

बँडमास्तर म्हणजे उंच, भरघोस मिशांचा, रुबाबदार गडी. पण ताईनं काठीनं ढोलाकडे बोट दाखवलं आणि त्यांच्या मिशा खाली आल्या.

"हा उघडता येणार नाही, बाई. कातडं ताणलेलं आहे. एकदा सैल केलं की सूर गेला."

"वाजवून दाखवा मग."

"आत्ता?"

"ढोल आहे ना? त्याला कसली वेळ बघायची?"

बँडमास्तरांनी टिपरू उचललं, ढोलाकडे बघितलं आणि परत खाली ठेवलं. कपाळावर घाम.

"माझ्यानं होणार नाही," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. "पकडला!" असं ओरडून मी स्वतःच पुढे झालो, एका बाजूचे स्क्रू सैल केले आणि कातडं उचललं. आतून हिरवट पिवळे दोन डोळे माझ्याकडे बघत होते. मग एक पंजा आला आणि माझ्या नाकावर तीन रेघा ओढून परत गेला.

ढोलात मांजर होतं. करड्या रंगाचं, आणि त्याच्या पोटाशी तीन पिल्लं.

"तिकडे छावणीत आली होती हो," बँडमास्तर काकुळतीला येऊन म्हणाले. "बॉम्ब पडायचे तेव्हा माझ्या कोटात शिरायची. व्याली तीही माझ्या टोपीत. जनावर आणायला बंदी आहे हे मला माहीत आहे. पण टाकून कशी येऊ?"

ताईनं रुमाल काढून माझ्या नाकाला लावला. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती.

"पिस्तुलं कापली तेव्हा तुम्ही तिथे होतात?" तिनं विचारलं.

बँडमास्तरांनी मान खाली घातली. "नुसती सही केली. त्या दिवशीच तर ती व्यायला टेकली होती. मिस्त्री म्हणाले, 'तुम्ही जा, मी बघतो.' ज्योतीचा उजेड लांबून दिसला, एवढंच."

४

भांडारी हवालदार अगदी उलट्या धाटणीचा. एकोणतीस वर्षांची नोकरी, पुढच्या महिन्यात निवृत्ती. चेहरा कुलपासारखा. पोच घेतल्याशिवाय सुई द्यायचा नाही आणि पोच दिल्याशिवाय सुई घ्यायचा नाही.

"मी सही केली ती वजन करून केली," तो म्हणाला. "अठरा पिस्तुलं आधी तोलली. मग कापलेल्या तुकड्यांचं पोतं आलं, तेही तोललं. बरोबर भरलं."

"पोत्याचं तोंड उघडून बघितलंत?"

त्यानं हातातली पोचवही मिटली. मग म्हणाला, "नाही. मी वजन बघितलं. माल नाही बघितला." आणि जरा थांबून, "बाई, माझ्या सहीला आजवर कोणी बोट लावलेलं नाही. ही खोटी ठरली तर मी कोणत्या तोंडानं घरी जाऊ?"

मिस्त्री मात्र सगळ्यांत मोकळा. गोल चेहरा, हातावर जुन्या डागण्या, बोलायला गोड. ताईला बसायला खोकं पुसून दिलं, माझ्या नाकाला लावायला कसलंसं मलम काढून दिलं.

"कापली ती मीच, ताईसाहेब. माझ्या हातानं. पण हात एक आणि पिस्तुलं अठरा. पोतं भांडाऱ्याकडे रात्रभर होतं, बुडवायला नेलं बँडमास्तरांनी. मी कोणावर आळ घेत नाही हं. आपण काय, गरीब माणूस."

दुपार टळून गेली होती. तिघांचं ऐकून माझं डोकं जडावलं होतं. तिघांपैकी कोणीही असू शकत होता, आणि त्याहून मोठा प्रश्न जागच्या जागी होता: आणलं कशातून? पेट्या, पोती, स्वयंपाकाची पातेली, वाद्यं, गाद्या, सगळं मी बघितलं होतं. आता तर ढोलाचं पोटही बघून झालं. दमून मी भांडाऱ्याच्या काट्याशेजारी बसलो आणि चहाचा कप एका लोखंडी वजनावर ठेवला.

"कप उचल," ताई म्हणाली. आवाज असा होता की मी कपाबरोबर स्वतःही उभा राहिलो.

५

रसद तोलायला प्रत्येक तुकडीबरोबर एक काटा आणि वीस वीस किलोची दहा वजनं गेली होती. ओतीव लोखंडाचे ठोकळे, वर धरायला कडी. दहाही वजनं हिरव्या रंगानं रंगवलेली.

"नवा रंग?" ताईनं भांडाऱ्याला विचारलं.

"परत यायच्या आधी दिला. बँडच्या ढोलांसाठी आणलेला रंग उरला होता. मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये चार दिवस वाळत ठेवली होती."

म्हणजे रंग बँडमास्तरांचा, जागा मिस्त्रीची, वजनं भांडाऱ्याची. पुन्हा तिघंही तिथेच!

ताईनं आपला प्रवासातला काटा मांडून घेतला, कचेरीतलं प्रमाण वजन एका पारड्यात ठेवलं आणि शिपायांकडून दहा वजनं एकेक करून दुसऱ्या पारड्यात चढवायला सांगितली. मी बाजूला उभा राहून आकडे लिहीत गेलो. पहिलं पाच ग्रॅम कमी. दुसरं तीन ग्रॅम जास्त. तिसरं नऊ ग्रॅम कमी, त्याचा एक कोपराच उडाला होता. चौथं तंतोतंत. शेवटी हिशेब असा निघाला की सात वजनं थोडी थोडी चुकलेली होती आणि तीन अगदी बरोबर. काटा मधोमध, जसा काही तिथे रंगवलेला.

"चला, तीन तरी खरी निघाली!" मी म्हणालो.

"छोट्या, तुला लहानपणीही गणितात असंच व्हायचं," ताई म्हणाली. "ही वजनं दीड वर्ष वाळूत होती. खाऱ्या हवेत. रोज उचलायची, आपटायची, घासायची. कुठे गंज चढणार, कुठे टवका उडणार, वरून रंगाचा थर. अशा वजनानं पाच सात ग्रॅम इकडेतिकडे व्हायलाच हवं. ही सात वजनं प्रामाणिक आहेत, वापरलेली आहेत. आणि ही तीन? दीड वर्षाच्या लढाईतून आली आणि एक ग्रॅमसुद्धा झिजली नाहीत?"

तिनं पर्समधून छोटी हातोडी काढली. हो, ती पर्समध्ये हातोडी बाळगते. पहिल्या वजनावर ठोकलं. टण्ण! लोखंड गायलं. दुसऱ्यावर, टण्ण. मग चौथ्यावर ठोकलं.

ठप्प.

जणू उशीवर मारलं.

"आत शिसं आहे," ताई म्हणाली. "शिसं लोखंडापेक्षा जड. वरून लोखंडी पत्र्याची पेटी, आत शिसं भरून वजन पुरतं वीस किलो करायचं. पेटी असल्यावर आत थोडी जागा उरते. एखाद दुसऱ्या पिस्तुलापुरती."

मी चहा ठेवला होता तोच हा ठोकळा. अख्खा दिवस मी हत्यारांच्या कोठारावर कप ठेवून हत्यारं शोधत होतो.

भांडारी भिंतीला टेकला. "बाई, शपथेवर सांगतो..."

"हवालदार, जागचे हलू नका!" मी गरजलो.

"छोट्या, ओरडू नकोस." ताई गुडघ्यावर बसली. प्रत्येक वजनाच्या डोक्यावर शिशाची एक टिकली असते, तपासणीचा सरकारी शिक्का तिच्यावर मारतात. ताईनं नखानं त्या टिकलीवरचा हिरवा रंग खरवडला, चष्मा पुढे ओढला आणि वाकून बघितलं.

मग बाकीच्या वजनांच्या टिकल्याही एकेक करून तशाच खरवडून बघितल्या. मी हात देऊन तिला उठवलं आणि वाकून स्वतःही बघितलं.

"ठसा खोटा आहे?" मी विचारलं.

"खरा आहे," ती म्हणाली. "माझ्या कचेरीचा आहे."

६

ताईला घरी नेलं. माझ्या बायकोनं तिच्यापुढे गरम चहा आणि लोणी लावलेला पाव ठेवला. ताईनं पाव खाल्ला नाही. तिथे माझी खात्री पटली की गोष्ट गंभीर आहे.

"वन्सं, तुम्ही काळजी करू नका," बायको म्हणाली. "यांची नोकरी गेली तर मला काही वाटणार नाही. निदान घरातलं सामान तरी उचकटणार नाहीत."

ताई हसली, पण अर्धवट. मग बोलू लागली.

"वर्षाचे चार भाग. प्रत्येक तिमाहीचं अक्षर वेगळं. क, ख, ग, घ. तिमाही संपली की त्या अक्षराचा ठसा वर जमा करावा लागतो, म्हणजे जुन्या तारखेचा शिक्का कोणालाच मारता येत नाही. पलटण गेली तेव्हा तिच्या सगळ्या वजनांवर मी त्या वेळचा 'क' मारून दिला होता. त्या सात वजनांवर तोच आहे. या तिन्हींवर आहे मागच्या वर्षीचा 'ग'."

"पण मागच्या वर्षी 'ग'च्या वेळी पलटण समुद्रापलीकडे होती!"

"होती. म्हणजे ही तीन वजनं तेव्हा इथे होती. रिकामी. इथे घडवली, इथे शिक्का मारून घेतला आणि मग कोणीतरी तिकडे नेली. तिथे खऱ्यांच्या जागी ही ठेवली. हिरवा रंग त्यासाठीच. दहाही सारखी दिसायला हवीत आणि अक्षर झाकलं जायला हवं."

"मग माल बाहेर कसा निघतो?"

"वजनं परत आली की फेरतपासणीला कुठे जातात?"

मी उत्तर देणार होतो. तोंड उघडलंही. मग मिटलं.

"माझ्याकडे," ताई म्हणाली. "पहिल्या तुकडीची वजनं तीन आठवड्यांपूर्वी आली. तुझ्याच लॉरीनं, तुझ्याच शिपायांच्या पहाऱ्यात माझ्या कचेरीत आली. दोन दिवस होती. आणि तू म्हणालास ना, त्या तिघांत काही मेळ नाही? सराफाकडे काटा. मटणवाल्याकडे काटा. दाताचा डॉक्टर सोन्याची दाढ बसवतो, ते सोनं तोलायला त्याच्याकडेही काटा. गावातल्या प्रत्येक काट्यापाशी वर्षातून एकदा कोण जातं?"

बायकोनं हातातली किटली खाली ठेवली.

"'ग'च्या तिमाहीत माझा पाय प्लास्टरमध्ये होता, छोट्या. ठसा मी एकाच माणसाच्या हातात दिला होता. वहीत नोंदसुद्धा केली नाही. त्याच्याकडून कसली पोच घ्यायची म्हटलं."

एकोणीस वर्षं हा आकडा दोघांच्याही मनात होता, कोणीच उच्चारला नाही.

"ताई, तो 'ग' तू आणि मी, दोघांनीच बघितलाय," मी हळूच म्हणालो.

"म्हणून काय तो 'क' होतो?" तिनं पावाचा तुकडा मोडला. "पलटणीतल्या त्या तिघांच्या रजेचा कागद मला आण. उद्या सकाळी दहाला तिघांना शेडमध्ये बोलव. मिस्त्रींना म्हणावं, गॅसची टाकी आणि ज्योत घेऊन या. काटा उचलायला शंभर नंबरीला मी घेऊन येते."

७

सकाळी दहाला शेडमध्ये लख्ख ऊन आलं होतं. बँडमास्तरांच्या कोटाच्या खिशातून एक पिल्लू डोकं काढून बघत होतं. भांडारी रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. मिस्त्री टाकी ढकलत आला, सगळ्यांना नमस्कार केला. शंभर नंबरीनं ताईचा काटा मांडला, पारडी पुसली आणि नेहमीसारखा मागे हात बांधून उभा राहिला. मिस्त्रीकडे त्यानं बघितलं नाही. मिस्त्रीनंही त्याच्याकडे नाही.

मध्ये एका बाकावर ते चौथं वजन ठेवलं होतं.

"मिस्त्री," ताई म्हणाली, "हे वजन मधोमध कापून द्या."

मिस्त्री हसला. "ओतीव लोखंड, ताईसाहेब. वेळ लागेल. कशाला एवढा खटाटोप?"

"मला वेळ आहे. पेटवा ज्योत."

त्यानं ज्योत पेटवली. निळी, सुईसारखी. काळा चष्मा लावला, वजनापाशी गेला. दोन पावलांवर थांबला. हात पुढे केला, मागे घेतला.

"ज्योत बरोबर नाही," तो म्हणाला.

"चांगली निळी आहे की," बँडमास्तर म्हणाले.

"टाकी संपत आली असेल."

"काल भरलीय," भांडारी म्हणाला. "माझ्याकडे पोच आहे."

मिस्त्रीच्या हनुवटीवरून घाम ठिबकला. ताई बाकाला टेकून, काठीवर दोन्ही हात ठेवून शांत उभी होती.

"अठरा पिस्तुलं कापणाऱ्याला लोखंडाचा एक ठोकळा कापवेना? साधं लोखंड असतं तर आत्तापर्यंत अर्धं झालं असतं. पण आत पिस्तुलाबरोबर काडतुसंही आहेत, आणि त्यांना ज्योत लागली तर काय होईल हे इथे फक्त दोघांना माहीत आहे. एक मी, कारण मी रात्रभर विचार केला. दुसरा ज्यानं ती आत ठेवली तो."

मिस्त्रीनं ज्योत बंद केली.

"रजेचा कागद सांगतो," ताई पुढे म्हणाली, "भांडारी दीड वर्षात एकदाही घरी आले नाहीत. बँडमास्तर आले होते, पण 'ख'च्या तिमाहीत. 'ग'मध्ये फक्त तुम्ही आलात. रिकाम्या पेट्या इथे घडवल्यात, शिक्का मारून घेतलात आणि वर्कशॉपच्या अवजारांत घालून तिकडे नेल्यात. पाण्यात बुडवलेत ते पाइपाचे तुकडे, तेही नीट तोलून. वजन बघून सही करणाऱ्या माणसाला वजन बरोबर लागतं, हे तुम्ही ओळखलंत. बँडमास्तरांना मांजरापाशी पाठवलंत. सगळं चोख. फक्त एकच चूक झाली. कोणाला संशय येऊ नये म्हणून तिन्ही वजनं तुम्ही इतकी बरोबर केलीत की तशी वजनं जगात नसतात."

"एकट्यानं नाही केलं हे!" मिस्त्री ओरडला. "माझ्या एकट्याच्या डोक्यावर का..."

"माहीत आहे," ताई म्हणाली. आणि वळली.

शंभर नंबरीनं खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. पुसत राहिला.

"हे मिस्त्रीच माझे साडू. म्हणाले, फक्त शिक्का मार," तो अगदी हळू म्हणाला, कचेरीत बोलतात तसं. "आत काय जाणार हे तेव्हा सांगितलं नव्हतं, बाई. पहिली तुकडी आली, मी पेटी उघडली आणि कळलं. त्याच वेळी तुमच्याकडे यायला हवं होतं. आलो नाही. कोणत्या दुकानदाराला कशाची भीती वाटते ते मला माहीत होतं. हेल्मेट घातलं की झालं. सोपं वाटलं."

"अठरांची तीन तुकड्यांत वाटणी, म्हणजे पहिलीत सहा होती," मी म्हणालो. "तीन मिळाली. बाकीची?"

त्यानं तीन नावं सांगितली. तिघांकडेही काटे होते. मी शिपायांना पिटाळलं.

त्याला नेताना तिनं त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली, एवढंच मी बघितलं.

८

तीन वजनांतून सहा पिस्तुलं निघाली. तिसऱ्या तुकडीची बोट लागली तेव्हा बँड धक्क्यावर हजर होता आणि आम्ही काट्यासकट. तिथेही तीन वजनं तंतोतंत वीस किलो भरली. सहा आणि सहा बारा, गावातली सहा मिळून अठरा. आकडा जुळला. डॉक्टर, सराफ आणि त्यांच्या जोडीदारांवर खटले भरले. सोमवारची चौकशी पंधरा मिनिटांत आटोपली. साहेब मला म्हणाले, "दार ठीक आहे, कप्तान. दारवानाची बहीण त्याहून ठीक आहे."

मांजराचं प्रकरण साहेबांपुढे गेलं. त्यांनी हुकूम काढला की सदर जनावर बँडच्या साहित्यात 'उंदीरप्रतिबंधक, एक नग, सुट्या भागांसह' म्हणून दाखल करावं.

ताईनं मात्र आपला अहवाल स्वतः लिहिला आणि पहिलंच वाक्य असं घातलं: 'ठसा नोंद न करता दुसऱ्याच्या ताब्यात दिला, ही चूक माझी.' मी तिला खूप समजावलं. बायकोनंही समजावलं. ती म्हणाली, "दुकानदारानं पाच ग्रॅम मारले तर मी त्याला दंड करते. मला कोण करणार?" वरून तिला लेखी ताकीद आली. तिनं ती वाचली, तिच्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि फायलीला लावली. मग ती आणि तिची काठी गावभर फिरली आणि त्या तिमाहीत शिक्का बसलेलं प्रत्येक वजन पुन्हा तपासून आली. सगळी बरोबर निघाली. ते सांगताना मात्र तिचा आवाज जरा घसरला.

मदतनिसाची जागा महिनाभर रिकामी होती. एके दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेलो असताना दारात एक माणूस उभा दिसला. साधा शर्ट, चेहरा कुलपासारखा. गणवेश नव्हता म्हणून ओळखायला क्षणभर वेळ लागला. निवृत्त झालेला भांडारी. हातात नेमणुकीचा कागद.

"अर्ज केला होता," तो म्हणाला. "आता माल उघडूनही बघतो."

ताईनं त्याला खोली दाखवली, कपाटं दाखवली, कुठे हळू बोलायचं ते सांगितलं. मग टेबलाचा खण उघडून या तिमाहीचा ठसा काढला आणि त्याच्यापुढे धरला.

भांडाऱ्यानं हात पुढे केला नाही. खिशातून एक कोरी वही काढली, पहिल्या पानावर रेघ मारली, तारीख घातली आणि वही ताईपुढे सरकवली.

"आधी इथे सही करा, बाई."

ताईनं माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि पेन शोधायला लागली. इतकी मनापासून हसत होती की तिची सही वाकडी आली.

"वाकडी चालेल," भांडारी म्हणाला. "वाचता येतेय."